म्हातारीचं इंजिन

आमच्या घरात विमान आलं ते दमट हवेमुळे. सुहासदादा, म्हणजे बाबांच्या मावसभावाचा मुलगा, नव्या पनवेलात राहायचा. त्याला दुबईची नोकरी लागली तेव्हा त्याच्या कॉम्प्युटरचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. बंद घरात ठेवला तर पावसाळ्यात आतून बुरशी धरेल, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. म्हणून एका रविवारी तो रिक्षातून ती सगळी खोकी घेऊन आमच्याकडे आला आणि आईला बजावून गेला, की काकू, रोज तासभर चालू ठेवायचा, लोणच्याच्या बरणीला जपता तसं जपायचं. आईने ते अगदी मनावर घेतलं. संध्याकाळी देवापाशी दिवा लागला की ती आम्हाला हाक मारून आठवण करायची, की कॉम्प्युटर लावा रे, हवा फार ओली झालीय. मुलं कॉम्प्युटरवर बसत नाहीत म्हणून रागावणारी दुसरी आई तेव्हाच्या अख्ख्या पनवेलात नसेल.

आम्ही राहायचो ते सबस्टेशनच्या आवारातल्या क्वार्टर्समध्ये. बाबा तिथे ऑपरेटर होते. घराच्या मागे कुंपण, कुंपणापलीकडे ट्रान्सफॉर्मर, आणि त्यांचा घुंऽऽ असा एकसुरी आवाज दिवसरात्र चालू. पाहुण्यांना त्या आवाजाने झोप यायची नाही, आम्हाला तो थांबला की जाग यायची. लाइट गेले की आधी तो आवाज जायचा, मग डोक्यावरचा पंखा, आणि मग कोणीतरी शेजारी दारात उभा राहून बाबांना विचारायचा, काय हो, कधी येतील? जणू तारेचं टोक बाबांच्या खिशातच होतं. बाबा जेवत असले तरी उठून दाराशी जायचे आणि नीट उत्तर द्यायचे. मी आज लाइट गेले की मोबाइलवर तक्रार टाकते, तिकडून आभाराचा मेसेज येतो, पण पुढचं जेवण काही गोड लागत नाही.

बाबांचं काम बघण्याचं होतं. कंट्रोल रूममध्ये भिंतभर पॅनेल, त्यावर मीटर आणि दिवे. लाल दिवा म्हणजे लाइन जिवंत, हिरवा म्हणजे बंद. बाकीच्या खबरदाऱ्या असायच्याच, पण सुरुवात त्या दिव्यापासून व्हायची. ऑपरेटर दिवा बघून म्हणणार, बंद आहे, आणि त्या शब्दावर लाइनमन खांबावर चढून तारेला हात घालणार. त्यामुळे 'नीट बघ' हे बाबांचं घरातलंही पालुपद होतं. दूध उतू गेलं, नीट बघ. वहीत हातचा राहिला, नीट बघ. माझ्यावर ते फारसं वापरावं लागायचं नाही, कारण मी जन्मजात लुडबुडी, सगळीकडे बघतच असायचे. त्याचा सगळा मारा व्हायचा तो माझ्या मोठ्या भावावर, महेशदादावर.

सुहासदादाने कॉम्प्युटरमध्ये एक खेळ घालून ठेवला होता. दुसऱ्या महायुद्धातलं जुनं लढाऊ विमान, एकाच माणसाला बसता येईल असं, पुढे लांबलचक इंजिन आणि नाकाशी फिरणारा पंखा. आम्हाला वाटलं मारामारीचा खेळ असेल. पण शत्रू दिसायच्या आधीच आमचं विमान मरायचं, तेही इंजिनाच्या आजाराने. ते इंजिन पाण्याने थंड होणारं होतं. पंखाखाली रेडिएटरची झडप होती. ती उघडली तर इंजिन थंड राहायचं, पण विमान रेंगाळायचं. मिटली तर सुसाट जायचं, पण पाणी उकळायला लागायचं. उडायच्या आधी जमिनीवर जास्त वेळ रांगत ठेवलं तरी ताप चढायचा. झडप सताड ठेवून खाली सूर मारला तर उलट इतकं गारठायचं, की पुन्हा जोर मागितल्यावर आचके द्यायचं. पूर्ण जोर थोडाच वेळ वापरायचा, मग इंजिनाला दम खाऊ द्यायचा. आणि तो खेळ काही विसरायचा नाही. एका फेरीत इंजिनाला जे सोसावं लागलं ते पुढच्या फेरीत आमच्या राशीला यायचं. आधी धूर, मग समोरच्या काचेवर तेलाचे शिंतोडे, मग खोकला. दादाने तिचं नाव म्हातारी ठेवलं आणि ते घरभर झालं. आई स्वयंपाकघरातून खोकला ऐकून विचारायची, आज म्हातारीला काय झालं, जरा बसू द्या तिला.

कॉम्प्युटर ठेवला होता आईच्या शिलाई मशीनच्या टेबलावर. त्यावर मॉनिटर आणि जॉयस्टिक बसली की कीबोर्डला जागाच उरायची नाही. तो खाली पाटावर बसणाऱ्याच्या मांडीवर. त्यामुळे एका विमानाला आम्ही दोन माणसं लागायचो. दादा खुर्चीत बसून उडवायचा आणि मी पाटावर बसून इंजिन सांभाळायचे, कारण इंजिनाची सगळी बटणं कीबोर्डवर होती. पडद्यावरची घड्याळं इतकी बारीक की काटे धड दिसायचे नाहीत. सगळा भरवसा कोपऱ्यातल्या एका गोल दिव्यावर. ठीक असलं की हिरवा, तापलं की लाल. तो दिवा माझा होता. "तापली," मी म्हणायचे, की दादा जोर कमी करायचा आणि मी झडप उघडायचे. दादाचा हात हलका होता, विमान असं उतरवायचा की चहा सांडणार नाही. आणि कान तिखट. कधी कधी माझ्या आधीच विचारायचा, हिचा आवाज जड झालाय का गं?

असा मुलगा बाकी सगळीकडे बेपर्वा म्हणून प्रसिद्ध होता. गणपतीला जास्वंद आणायला आवारातल्या झाडाकडे पाठवावं, तर झाड फुलांनी लगडलेलं असताना हा दोन फुलं घेऊन परत. आई पदर खोचून स्वतः जायची आणि परडी भरून आणायची. एका पायात तपकिरी मोजा, दुसऱ्यात हिरवा. टोमॅटो आणायला सांगितले तर निम्मे कच्चे. मे महिन्यात आईच्या माहेरी, शिरढोणच्या पुढे, मामाकडे जायचो तेव्हा रातांबे, म्हणजे कोकमाची पिकलेली फळं, काढायला सगळी पोरं झाडावर. आमच्या टोपल्या भरायच्या, दादाची तळाला. मामा मात्र त्याला कधी बोलला नाही. तो स्वतःही प्रत्येक रातांबा अंगठ्याने दाबून मगच तोडायचा आणि दादाला शिकवायचा, "दिसण्यावर काय हाय? दाबून बघ." आम्हाला वाटायचं, मामाचा भाच्यावर जीव आहे म्हणून पाठीशी घालतोय.

बाबांचं मात्र डोकं फिरायचं. डोळ्यांच्या काय खाचा झाल्यात का, म्हणून ओरडायचे. दादा हसायचा. उलट बोलायचा नाही, रुसायचा नाही, नुसता हसायचा, आणि त्या हसण्याने बाबा जास्त भडकायचे. त्या वर्षी दादा बारावी झाला होता. बाबांनी खटपट करून त्याला आपल्याच सबस्टेशनात अप्रेंटिस म्हणून घ्यायचं पक्कं केलं. गणपती झाले की रुजू व्हायचं होतं. पुढेमागे कायम होईल, आयुष्याचं कल्याण होईल, असं सगळे म्हणायचे. फिटनेसचं सर्टिफिकेट लागणार होतं, ते आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दिलं. आम्हा दोघांना त्यांनी जन्मल्यापासून पाहिलेलं. त्यांनी दादाला एवढंच विचारलं, की जेवतोस ना नीट, आणि सही करून शिक्का मारला. आपल्याच पोराला काय तपासायचं, म्हणाले. आईने त्यांच्या घरी वालाच्या बिरड्याचा डबा पाठवला.

बाबा खूश असायला हवे होते, पण त्या दिवसांत ते जेवताना गप्प असायचे. एकदा वाढताना आईने छेडलं तेव्हा म्हणाले, "याच्या हातून चुकलं तर टोमॅटो कच्चे येणार नाहीत गं. माणूस जाईल." मग स्वतःच स्वतःची समजूत घालावी तसे म्हणाले, की कामाला लागल्याशिवाय पोरं सुधारत नाहीत. मी ते ऐकलं आणि मलाही भीती वाटली. दादा त्या पॅनेलसमोर उभा आहे आणि हसतोय, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे यायला लागलं.

श्रावणात मी विळीवर लाल भोपळा चिरताना उजव्या हाताची दोन बोटं चांगलीच कापून घेतली. टाके पडले, हाताला हे जाडजूड बँडेज. माझं इंजिन बंद झालं. दादा मग एकटाच उडवायला लागला, कीबोर्ड स्वतःच्या मांडीवर घेऊन. आणि म्हातारी रोज मरायला लागली. मी बाजूला बसून बघायचे. दिवा लाल होऊन किती वेळ झाला तरी हा आपला नाक वर करून चाललेला. तुला दिवा दिसत नाही का, म्हणून मी खेकसले. दिसतो की, तो म्हणाला. मग त्याने झडप कायम सताड उघडी ठेवून उडवायला सुरुवात केली. विमान वर चढायला नाही म्हणायचं. जरा जोर द्यायचा, लगेच घाबरून कमी करायचा, कान लावून बसायचा. मला ते बघून गंमत वाटली आणि थोडं चमत्कारिकही. बेपर्वा माणूस असं उडवत नाही. हा तर अंधारात जिना उतरणाऱ्यासारखं एकेक पाऊल चाचपत होता.

त्या रविवारी पाऊस धरून बसला होता. घरात दोऱ्यांवर ओले कपडे, त्यांचा आंबूस वास, आई आतमध्ये तांदळाच्या भाकऱ्या थापत होती, त्याचा थपथप आवाज. बाबा दुपारची झोप काढून उठले आणि चहाचा कप घेऊन आमच्या मागे कॉटवर बसले. इतक्या महिन्यांत त्यांनी तो खेळ कधी पाहिला नव्हता. ड्युटीवर दिवे, घरीही दिवेच कशाला बघू, म्हणायचे. पण त्या दिवशी बसले, आणि चहाचे दोन घोट घेतल्यावर त्यांनी विचारलं, की तो कोपऱ्यातला दिवा कसला. इंजिन तापलं की लाल होतो, मी सांगितलं. आमच्या उलट आहे म्हणायचं, ते म्हणाले, पण त्यांना ते पटलेलं दिसलं. दिवा आहे म्हटल्यावर तो बघणं आलंच. दादा विमान वर चढवत होता. आम्ही तिघंही त्या दिव्याकडे बघत होतो, आणि तो लाल झाला.

"महेश, दिवा," बाबा म्हणाले.

"बघतोय."

"मग झडप उघड."

"कशाला? अजून हिरवा आहे."

बाबांनी कप खाली ठेवला. तो कप ठेवायचा आवाज आमच्या घरात सगळ्यांना कळायचा. "नीट बघ," ते म्हणाले, सावकाश.

दादा पुढे वाकला. इतका, की नाक काचेला लागलं. मी बाजूला होते, मला त्याचा चेहरा दिसत होता. त्याचे डोळे बरोबर त्या दिव्यावर होते, कुठेही ढळले नव्हते. आणि तो हसत नव्हता.

"नीटच बघतोय, बाबा," तो म्हणाला. "हिरवा आहे."

म्हातारी खोकली. काळा धूर आला, काचेवर तेल उडालं, पंखा थांबला, आणि विमान निमूटपणे समुद्राकडे उतरायला लागलं. त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. बाबांचा हात उठलेला मी पाहिला. चेष्टा करतोय असंच त्यांना वाटलं असणार. मला काय सुचलं कोण जाणे, मी पटकन विचारलं, की दादा, आता तरी लाल झाला का रे?

दादा पडद्याकडे बघत म्हणाला, "झाला असेल. विमान पडतंय, म्हणजे झालाच असेल."

बाबांचा हात खाली आला. ते उठले आणि दाराशी टांगलेली आपली कामाची पिशवी घेऊन आले. तिच्यातून त्यांनी तारांचे तुकडे काढून कॉटवर, चादरीवर ओळीने मांडले. लाल, हिरवी, काळी, पिवळी, आणखी लाल, आणखी हिरवी. मग दादाला जवळ बोलावून म्हणाले, की यातल्या लाल तेवढ्या उचल. दादाने पिवळी आणि काळी लगेच बाजूला सारली. उरलेल्यांवर त्याचा हात घुटमळायला लागला. एका तारेवर गेला, थांबला, दुसरीवर गेला. आणि तेव्हा मला दिसलं की तो तारांकडे बघतच नव्हता. तो बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होता. कोणत्या तारेवर बाबांच्या भुवया हलतात, त्यावरून तो ठरवू पाहत होता. जास्वंद, टोमॅटो, मोजे, सगळं त्याने आजवर असंच निभावलं होतं, समोरच्याच्या चेहऱ्यावरून. पण बाबांचा चेहरा त्या दिवशी दगडाचा झाला होता. शेवटी दादाने एक लाल आणि दोन हिरव्या उचलल्या आणि विचारलं, "बरोबर?"

आतला थपथप आवाज थांबला होता. आई पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी होती आणि हा काय नवा खेळ, असं तिच्या तोंडावर आलेलं तिथेच विरलं. बाबांनी दादाच्या तळहातावरच्या तारा वेगळ्या केल्या. ही लाल, म्हणाले. ह्या दोन्ही हिरव्या. दादाने त्या उजेडाकडे धरून पाहिल्या, खालीवर करून पाहिल्या.

"तुम्हाला हे दिसतं?" त्याने विचारलं. "सगळ्यांना? नुसतं बघून?"

मी मान डोलावली.

"मला वाटायचं, तुम्ही सगळे नीट बघता म्हणून तुम्हाला कळतं," दादा म्हणाला. "आणि मी नीट बघत नाही."

हे वाक्य मी आयुष्यात विसरणार नाही. अठरा वर्षांचा मुलगा, आणि त्याचा स्वतःबद्दल असा समज होता की आपणच कुठेतरी कमी पडतोय, अजून जरा लक्ष दिलं तर आपल्यालाही दिसेल. हसायचा तो त्यासाठी. दुसरं करणार काय होता?

बाबा कॉटच्या कडेवर बसले. ते एकदा खिडकीबाहेर बघायचे, जिथे पावसात कंट्रोल रूमची भिंत दिसत होती, आणि एकदा दादाकडे. मग त्यांनी दादाचा हात धरून त्याला शेजारी बसवला. "तू नीटच बघत होतास रे," ते म्हणाले. "मीच तुला त्या पॅनेलपुढे उभा करणार होतो." आणि मग ते हसायला लागले. हसताहसता डोळे पुसायला लागले. सुटलो, सुटलो, असं म्हणत राहिले. बाबांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि ते इतकं आनंदाचं असू शकतं हेही मला माहीत नव्हतं. माझ्या छातीवरचा तो सगळ्या महिन्याचा धोंडा उतरला. दादा त्या दिव्यांपुढे उभा राहणार नव्हता. कोणीही त्याच्या शब्दावर खांबावर चढणार नव्हतं. आणि आमचा दादा बेपर्वा नव्हता, कधीच नव्हता.

आईने देवापुढे साखर ठेवली. भरून आलं की तिच्या तोंडी माहेरची बोली यायची. "मी बोलत व्हते ना," ती म्हणाली, "माझा पोर तसा नाय." ती असं कधीच बोलली नव्हती. जास्वंदीवरून सगळ्यात जास्त तीच करवादायची. पण आम्ही कोणी ते तिच्या लक्षात आणून दिलं नाही. विमान तोवर समुद्रात पडून पडद्यावर निळं पाणी उरलं होतं. भाकरी तव्यावर करपली होती, ती दादाने मागून घेऊन खाल्ली.

पुढच्याच आठवड्यात गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ठिपक्याठिपक्यांच्या चित्रांचं एक पुस्तक उघडलं. प्रत्येक पानावर मला ठसठशीत आकडा दिसत होता. दादाला नुसते ठिपके. डॉक्टर म्हणाले, हा आजार नाही, वाढणार नाही, नजर उत्तम आहे, फक्त लाल आणि हिरवा त्याला वेगळे कळत नाहीत. जन्मापासूनच असतं आणि बहुतेक वेळा आईच्या घराण्यातून मुलाकडे येतं. आजार नाही म्हटल्यावर आईचा जीव भांड्यात पडला, आणि घराण्याचं ऐकल्यावर तिथेच फणकारली. आमच्या घराण्यात असलं काही नाही, म्हणाली. नेहमीच्या डॉक्टरांकडे बाबा सर्टिफिकेट परत द्यायला गेले तेव्हा त्यांनी ते फाडून टाकलं आणि बाबांचे दोन्ही हात धरले. ओळखीच्या माणसाला आपण तपासतच नाही हो, असं म्हणाले. त्यानंतर आम्ही खोकल्याला गेलो तरी ते जीभ, डोळे, कान, सगळं बघायचे.

सबस्टेशनच्या साहेबांना बाबांनी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. ती जागा दुसऱ्या एका मुलाला मिळाली. क्वार्टर्समधली माणसं हळहळायला आली तर बाबांनी त्यांच्या हातावर पेढे ठेवले. मुलाची सरकारी नोकरी हुकली म्हणून पेढे वाटणारा बाप त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. बाबांच्या डोक्यावर परिणाम झालाय का, असं मागच्या ओळीतल्या काकूंनी आईला हळूच विचारून घेतलं.

गणपतीत मामा आला. आईने त्याला पाणीसुद्धा न देता आवारातल्या जास्वंदीपुढे नेऊन उभं केलं आणि इथूनच सांग किती फुलं आहेत, असं फर्मावलं. आम्ही मागे उभे. मामा झाडाकडे बघत राहिला, मग बहिणीकडे, मग परत झाडाकडे. जवळ गेल्याशिवाय कसं सांगू, म्हणाला. आईने डोक्याला हात लावला. मग आम्ही त्याला घरात नेऊन सगळी हकिकत सांगितली. मामाने शांतपणे मोदक संपवला, हात पुसले आणि माझ्याकडे बघून विचारलं, "म्हंजे तुमाला रातांबा लांबूनच कळतो? मंग तुमी दाबता कशाला?"

"आम्ही दाबत नाही, मामा," मी म्हटलं.

मामा दादाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, की चला, आपण दोघं तरी हाय. दादा खो खो हसला. ते हसणं वेगळं होतं, त्यात लपवायचं काही नव्हतं.

माझी बोटं बरी झाली, पण माझी नोकरी मात्र गेली ती गेलीच. पाटावर बाबा बसायला लागले. ड्युटीवरून आले की हातपाय धुऊन, चष्मा लावून, कीबोर्ड मांडीवर घेऊन दादाला म्हणायचे, हं, चल. आणि पॅनेलसमोर बोलावं तशा सपाट आवाजात वाचत राहायचे, "हिरवा. हिरवा. लाल होतोय. लाल. झडप उघडली. थांब जरा. हिरवा." एकदा परतीच्या वाटेवर, खाली सगळा समुद्र, आणि म्हातारीने धूर सोडला. आधीच्या फेऱ्यांची दुखणी अंगात होतीच. दादा डोळे मिटून आवाज ऐकत जोर कमीजास्त करत होता आणि बाबा दिवा सांगत होते. मी आणि आई श्वास रोखून मागे उभ्या. दादाने तिला किनाऱ्यावर आणलं, धावपट्टीवर टेकवलं, आणि टेकल्याटेकल्या पंखा थांबला. आणली रे, बाबा म्हणाले. आईने खरोखर टाळ्या वाजवल्या. नंतर सुहासदादा सुट्टीवर आला आणि आपला कॉम्प्युटर घेऊन गेला. बुरशी अजिबात धरलेली नव्हती, याचं त्याला फार कौतुक वाटलं.

'नीट बघ' हे शब्द बाबांच्या तोंडून त्या रविवारनंतर आमच्या घरात पुन्हा ऐकू आले नाहीत. दादा पुढे इंजिनांच्याच धंद्यात गेला. डिझेल पंप, होड्यांची इंजिनं, आता उलव्याच्या बांधकामांवरचे जनरेटर. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला लावतो, मूठ कानाला, आणि आत काय दुखतंय ते सांगतो. वायरी जोडायला दुसरा माणूस ठेवलाय, आणि का ठेवलाय ते प्रत्येक गिऱ्हाइकाला आपण होऊन सांगतो. मी चाळिशीच्या उंबरठ्यावर आहे, तो ती ओलांडून गेलाय, आणि अजूनही त्याचे कपडे वहिनीच काढून ठेवते.

पनवेलात सिग्नल लागले तेव्हा बाबा निवृत्त झाले होते. दादाच्या मोटरसायकलवर मागे बसून बाजारात जायचे. प्रत्येक सिग्नलला त्याच्या खांद्यावर बोट टेकवून सांगायचे, लाल. आणि मग, हिरवा. दादाला त्याची काही गरज नव्हती. वरचा पेटला की थांबायचं, खालचा पेटला की निघायचं, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी त्याला एकदा म्हटलं, की मग सांगत का नाहीस त्यांना? असू दे गं, म्हणाला. शेवटपर्यंत सांगितलं नाही.

बाबा गेल्याला आता काही वर्षं झाली. मागच्या गणपतीत फुलबाजारातून येताना मी दादाच्या मागे बसले होते, मांडीवर जास्वंदीची परडी. सिग्नलला थांबलो. खालचा दिवा लागला, पण दादा हलला नाही. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला. मी दादाच्या खांद्यावर बोट टेकवलं.

"हिरवा," मी म्हटलं.

"दिसला होता," दादा म्हणाला, आणि गिअर टाकला.